‘पास होण्याची हमी’ नेमकी कशाची?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘पंधरा दिवसांत सीसीएनए, पास होण्याची हमी’ अशा क्लासेसच्या जाहिराती सर्रास दिसतात. सीसीएनए म्हणजे सिस्को कंपनीची संगणक नेटवर्किंगची प्रमाणपत्र परीक्षा. अशी हमी दोनच मार्गांनी देता येते : फुटलेले प्रश्न, म्हणजे ‘डम्प’, पाठ करून घेऊन किंवा उमेदवाराच्या जागी दुसऱ्यालाच बसवून. दोन्ही गैरप्रकार आहेत आणि पकडला गेल्यावर भोगतो तो विद्यार्थी, क्लास नव्हे.

सिस्को, मायक्रोसॉफ्ट, एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा) यांच्या परीक्षांत पहिला प्रश्न दिसण्याआधी गोपनीयतेची अट मान्य करावी लागते. ती नाकारली तर परीक्षा देताच येत नाही. मुलं न वाचता ‘मान्य’ दाबतात. प्रश्न, पर्याय, आकृत्या, लॅबची मांडणी यांतलं काहीही बाहेर सांगायचं नाही, तोंडीसुद्धा नाही, असं ती अट सांगते. म्हणजे ‘काय काय आलं ते आठवून लिहून दे’ असं क्लासमधल्या सरांनी म्हटलं आणि मुलानं दिलं, की करार मोडलाच. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला एक प्रश्नही त्यात आला.

मग बोलायचं काय? अभ्यासक्रम तर जाहीरच असतो. सीसीएनएत आयपी कनेक्टिव्हिटीला (एका नेटवर्कमधून दुसऱ्यात डेटा पोचवण्याच्या भागाला) २५ टक्के आणि ऑटोमेशनला १० टक्के वजन आहे, हे सिस्कोनंच छापलंय. त्यावर खुशाल चर्चा करा, स्वतः प्रश्न तयार करा.

पाठांतर उत्तरांच्या नोंदींतून उघडं पडतं. प्रत्येक प्रश्नाला किती वेळ लागला याची नोंद होते. /२७ च्या सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या एका छोट्या तुकड्यात, वापरता येणारे पत्ते ३० हे जाणकार पटकन सांगेल. पण लांबलचक राउटिंग टेबल (डेटा कुठल्या वाटेनं पाठवायचा याची राउटरमधली यादी) दिलेला प्रश्न ज्याला चार सेकंदांत सुटतो, त्यानं तो टेबल वाचलेलाच नसतो. त्यात डम्पमधली कित्येक उत्तरं चुकीची असतात. तीच चूक, तोच पर्याय अनेकांच्या उत्तरांत सापडला की संशय पक्का होतो. निकाल लागल्यावरही प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं, पुढच्या परीक्षांना बंदी येऊ शकते. सीसीएनएचे ३०० डॉलर, कर धरून २५ हजारांहून जास्त, पाण्यात जातात ते वेगळेच.

घरून परीक्षा देणाऱ्यांची आणखी एक गल्लत होते. प्रश्न पुटपुटत वाचणं, कॅमेऱ्याबाहेर जाणं, हाताशी फोन ठेवणं एवढ्यावरूनही परीक्षा थांबवली जाते. मनात खोट नसली तरी. खोलीचे फोटो काढण्याआधी टेबल रिकामं करा, दुसरा मॉनिटर काढून ठेवा, घरच्यांना आत न येण्याची ताकीद द्या.

दोष एकट्या क्लासेसचा नाही. सिस्कोसारख्यांच्या भागीदारीचा दर्जा टिकवायला आयटी कंपन्यांना प्रमाणपत्रधारकांची ठराविक संख्या दाखवावी लागते आणि तिमाही संपत आली की कर्मचाऱ्यांमागे लकडा लागतो. अभ्यासाला वेळ द्यायचा नाही नि प्रमाणपत्र मात्र हवं, यातून डम्पचा धंदा फोफावतो.

भरती करणाऱ्यांनी कागदावर विसंबू नये. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर ते पडताळा आणि मग उमेदवाराला दोन स्विच जोडून द्या : व्हीएलएएन २० चा (स्विचवर वेगळ्या केलेल्या एका आभासी नेटवर्कचा) ट्रॅफिक पलीकडे पोचत नाही, कारण शोध. ट्रंकवर, म्हणजे दोन स्विचना जोडणाऱ्या सामायिक दुव्यावर, तो व्हीएलएएन परवानगीच्या यादीत नाही, हे अभ्यास केलेला मुलगा काही मिनिटांत दाखवेल. आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी ‘हमी’च्या जाहिराती घेणं बंद करावं, ही कळकळीची विनंती.

– एक नेटवर्क प्रशिक्षक, पुणे