योग चटईपुरता नको

महोदय,
२०१५ पासून २१ जूनला आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा होतो. गोव्यातही शाळा, पंचायती, देवळांचे सभामंडप त्या दिवशी भरून जातात, याचा आनंद आहेच. पण पतंजलींच्या अष्टांगयोगात, म्हणजे योगाच्या आठ अंगांत, आसन तिसरे. आधी येतात यम आणि नियम. यमांत अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणे), अपरिग्रह (गरजेपेक्षा जास्त न साठवणे), म्हणजे चारचौघांत कसे वागावे तेच. प्राणायाम करून निघालेला माणूस वाटेत कचऱ्याची पिशवी भिरकावतो, वळणावर ओव्हरटेक करतो, तेव्हा साधना अर्धवटच राहिली म्हणायची. वाड्यावाड्यांवरच्या योगवर्गांनी आठवड्यातून एकदा आसनांनंतर गावच्या प्रश्नांवर बोलावे: व्हाळातले प्लास्टिक, तरुणांची दारू, एकटे पडलेले म्हातारे. मन शांत असले की असे विषय भांडणावर जात नाहीत. योगशिक्षकांनी यात पुढाकार घ्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक योगसाधक, फोंडा