जोर सरकला आणि बिल आलं

माद्रिद

प्रिय मित्रा,

स्पॅनिश कुठवर आली, असं विचारलंस. परवाचंच सांगतो. कॅफेत चौघं बसलो होतो. एकाने काउंटरवर आधीच पैसे दिले होते. वेटर टेबलाशी आल्यावर मी ऐटीत म्हणालो, 'या पागो'. म्हणायचं होतं 'त्याने दिलेत'. त्यासाठी 'गो' दाबायला हवा होता; मी 'पा' दाबला, आणि अर्थ झाला 'देतो, आत्ता देतो'. त्याने लगेच मशीन पुढे केलं. जमलेल्यांसमोर माघार कशी घेणार? दिले.

आपल्याला या आघाताची सवयच नाही रे. 'भाकरी'त जोर कुठेही टाक, भाकरी ती भाकरीच. इथे 'तेर्मिनो' घे. 'तेर'वर जोर दिलास तर मुदत, 'मि'वर दिलास तर 'मी संपवतो', 'नो'वर दिलास तर 'त्याने संपवलं'.

लिहिताना नियम असा: शब्द स्वराने, न् किंवा स् ने संपला तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, एरवी शेवटच्या. जो शब्द हे मानत नाही त्याच्या स्वरावर तिरकी रेघ. न् आणि स् यांचेच लाड का, हे कळेना. मग क्रियापद चालवताना दिसलं: 'आब्ला' तो बोलतो, 'आब्लास' तू बोलतोस, 'आब्लान' ते बोलतात. शेपूट लागलं तरी जोर 'आ'वरच, आणि रेघेचा खर्च नाही. (आपण आब्-ला म्हणू, हे लोक आ-ब्ला म्हणतात, 'ब्ल' फोडत नाहीत.)

खरी गंमत 'प्वेदो'ची, म्हणजे 'मला जमतं'. 'त्यांना जमतं' ते 'प्वेदेन', पण 'आम्हाला जमतं' म्हटलं की 'पोदेमोस'! शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तक्ता पाठ करा. मला मात्र पीठ-पिठात, दूध-दुधात, गूळ-गुळाचा आठवलं. प्रत्यय लागला की आपला आतला स्वर आखडतो ना? सख्खं नातं नाही, पण चुलत म्हणायला हरकत नाही. यांच्याकडे अशा क्रियापदांत जोर धातूवर असेल तर 'ओ' फुलून 'वे' होतो. जोर प्रत्ययावर सरकला की 'ओ' जसाच्या तसा राहतो.

ऑफिसात एक अर्जेंटिनाचा आहे. 'तुला जमतं'ला माद्रिदकर 'प्वेदेस' म्हणतात, तो 'पोदेस' म्हणतो. मला वाटायचं, चुकतोय बिचारा. पण तिकडे जोर 'देस'वर असतो, मग 'ओ' फुलणार कसा?

त्या दिवशी काउंटरवर पैसे दिले होते ते त्यानेच. बिल दोनदा भरलं गेल्याचं वेटरच्या लक्षात आलं, आणि त्याने एकाचे पैसे परत केले. त्याचे.

तुझाच