आधी धारण तलाव, मग टॉवर

महोदय,

उरणची लोकल सुरू झाली, विमानतळही आला आणि उलवे, द्रोणागिरीत घर घेणाऱ्यांची रीघ लागली. वाशी, नेरुळ भरले, आता नवी मुंबई दक्षिणेला पसरते आहे. त्याला माझा विरोध नाही. ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर वसले, त्यात आमचे करावेही होते आणि माझी मुले इथेच शिकून नोकरीला लागली. प्रश्न पाण्याचा आहे.

आमची भातशेती खाजणातली. बाहेर खाडी, आत शेत, मधे मातीचा बांध आणि बांधात उघाडी. तिची लाकडी झडप फक्त खाडीकडे उघडायची. भरतीच्या दाबाने ती घट्ट बसायची, ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडायचे. तोवर पडेल तो पाऊस शेतातच थांबायचा. झडपेत साधी फांदी अडकली तरी खारे पाणी आत शिरून पीक जायचे, म्हणून माझे सासरे भर पावसात, रात्रीसुद्धा बत्ती घेऊन बांधावर जात.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने बांधलेले धारण तलाव याच तत्त्वावर चालतात: भरतीत पावसाचे पाणी धरून ठेवायचे, ओहोटीला खाडीत सोडायचे. शहराचा काही भाग भरतीच्या पातळीखाली आहे, म्हणूनच ते बांधावे लागले. आज त्यांत गाळ साचलाय, गाळावर तिवरे, म्हणजे खारफुटीची झाडे, वाढलीत आणि तिवरांना कायद्याचे संरक्षण असल्याने उपसा परवानग्यांत अडकतो. तिवरे सरसकट तोडा असे मी मुळीच म्हणणार नाही, किनारा त्यांनीच धरून ठेवलाय. पण गाळ वेळच्या वेळी काढला असता तर ही वेळच आली नसती. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकदम आले की आमच्या गल्लीत गटाराचे पाणी उलटे वर येते. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचे तेव्हा फार हाल होतात.

उरण पट्ट्यात आता भरावामुळे नवे सेक्टर उंचावर आणि जुनी गावे खाली असे होत चालले आहे. तिथे धारण तलाव आणि त्याची झडप चालू असल्याशिवाय एकाही इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. प्रत्येक तलावात किती खोली उरली आहे, हे दर वर्षी मे महिन्यात जाहीर करावे. बांधावर राबलेली माणसे त्या गावांत अजून आहेत. पाणी कुठून यायचे आणि उघाड्या कुठे होत्या, हे त्यांना भराव टाकण्याआधी विचारावे.

– एक वाचक, करावे गाव, नेरुळ, नवी मुंबई