दुर्बिणीचं ऑपरेशन शिकवणारं यंत्र कुलपात का? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

आमच्याकडच्या सरकारी रुग्णालयात व्यासपीठावरून घोषणा झाली होती की, नव्या सर्जनांचा हात आधी आभासी यंत्रावर, म्हणजे पडद्यावर खोट्या ऑपरेशनचा सराव करून घेणाऱ्या यंत्रावर, बसवू, मगच त्यांना रुग्णावर दुर्बिणीचं ऑपरेशन करू देऊ. त्या दिवशी मी मनापासून टाळ्या वाजवल्या. परवा तपासणीला गेले तर यंत्राच्या खोलीला कुलूप. चालवायला माणूस नाही, देखभालीचा करार झालेला नाही.

हे मला का झोंबलं, ते सांगते. माझं पित्ताशय शिकाऊ हातांनी काढलं. खड्यांचं साधं ऑपरेशन आहे, दोन दिवसांत घरी जाल, असं सांगितलं होतं. पित्ताशयाची नळी समजून मुख्य पित्तनलिकाच कापली गेली. डोळे पिवळे झाले, खाजेने रात्र-रात्र झोप नाही, पोटातून काढलेल्या नळीला पित्ताची पिशवी. ती पदराखाली लपवून मी लेकीच्या शाळेत जायचे. पुढे मोठ्या शहरात पोट उघडून यकृताकडच्या नळीला आतडं जोडलं. त्यात दागिने गेले, कर्ज झालं. अजूनही हुडहुडी भरून ताप आला की मध्यरात्री गाडी शोधावी लागते.

त्या पोरसवदा डॉक्टरवर माझा राग नाही. दुर्बिणीत हात उजवीकडे नेला की आतलं टोक डावीकडे जातं, सपाट पडद्यावर खोलीचा अंदाज येत नाही, आतलं काही बोटांना नीट जाणवत नाही. हे सरावानेच जमतं. तो सराव कुठे करायचा? तुमच्या व्यवस्थेने जागा दिली ती माझ्या पोटात.

अमेरिकेत येल विद्यापीठातल्या सर्जनांचा अभ्यास 2002 साली छापून आला. निवासी डॉक्टर 16. निम्म्यांकडून तज्ज्ञांची पातळी गाठेपर्यंत आभासी यंत्रावर सराव करून घेतला, मग सगळ्यांना खऱ्या रुग्णाचं पित्ताशय सोडवायला दिलं. यंत्रावर शिकलेल्यांचं काम 29 टक्के लवकर झालं. न शिकलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे भाजण्याची शक्यता पाचपट निघाली. दोन दशकं उलटली, साहेब! आणि आपण मागासलेले होतो असंही नाही. भारतातलं दुर्बिणीचं पहिलं पित्ताशयाचं ऑपरेशन डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी 1990 मध्ये केलं, मुंबईच्या जे.जे.त, म्हणजे सरकारीच रुग्णालयात.

नुसतं कुलूप काढूनही भागणार नाही. निवासी डॉक्टरांना आठवड्याला 48 तास काम, असं केंद्राच्या 1992 च्या योजनेत लिहिलंय. प्रत्यक्षात ही पोरं सलग दीड-दीड दिवस वॉर्डात उभी असतात. त्यांनी सराव कधी करायचा? खरेदीला पैसे निघतात, फीत कापायला पाहुणे येतात. तंत्रज्ञाचं पद भरायचं म्हटलं की फाइल हलत नाही, शिकवणाऱ्या प्राध्यापकाची बदली होते. ज्यांना खासगीत जाणं परवडतं त्यांना याची झळ नाही. आमच्यासारख्यांनी सहीचा कागद पुढे आला की सही करायची, कोण कापणार हे विचारायचं नाही.

तंत्रज्ञ नेमा. सरावाचे तास ड्युटीत धरा. यंत्रावर ठरलेली पातळी गाठल्याची नोंद झाल्याशिवाय कुणाच्याही हाती पित्ताशयाचं ऑपरेशन देऊ नका, आणि ती नोंद सहीआधी रुग्णाला दाखवा. आदेश कोणत्या तारखेला काढणार, ते लेखी कळवा.

आपली,
एक रुग्ण