भाई, तुमचे आभार मानायचे राहिले होते

आदरणीय भाई,

गोव्यात फर्मागुडीच्या कॉलेजात आमची संगणकाची लॅब तुम्ही सांभाळत होता. तेव्हा राहून गेलेले आभार आज सगळ्यांसमोर मानते.

लॅबमध्ये युनिक्सचा, म्हणजे एकाच वेळी अनेकांना काम करू देणाऱ्या प्रणालीवर चालणारा, संगणक एकच. टेबलांवर मांडलेले ते नुसते टर्मिनल, पडदा आणि कीबोर्ड. प्रॅक्टिकलच्या वहीत लॉगिनला जेमतेम एक ओळ होती: नाव घाला, पासवर्ड घाला, डॉलरचं चिन्ह आलं की कामाला लागा. तुम्ही आम्हाला त्याच ओळीवर थांबवलंत. नाव विचारतोय तो कोण? गेटी नावाचा छोटा प्रोग्रॅम, प्रत्येक टर्मिनलच्या लाइनीवर वाट बघत बसलेला. नाव मिळालं की तो काम लॉगिन प्रोग्रॅमकडे सोपवतो. पासवर्ड जुळला की तुमचा नंबर, तुमची डिरेक्टरी (फायली ठेवायची जागा), तुमचा शेल (कमांड ऐकणारा प्रोग्रॅम). यंत्र आपल्याला नंबराने ओळखतं, नाव माणसांच्या सोयीसाठी असतं, हे तिथे कळलं.

पासवर्ड टाइप करताना काहीच उमटेना, तेव्हा कीबोर्ड बंद पडला असंच सगळ्यांना वाटलं. तुम्ही सांगितलंत, एरवी दिसणारं अक्षरसुद्धा संगणकाकडे जाऊन परत आलेलं असतं. पासवर्डपुरतं तो परत पाठवणं थांबवतो. अक्षरांच्या जागी चांदण्याही (*) नाहीत, कारण अक्षरं किती तेही शेजारच्याला कळू नये. एकीचं कॅप्स लॉक चालू राहिलं, तर पुढचं सगळं कॅपिटलमध्ये येऊ लागलं. नाव कॅपिटलमध्ये आलं म्हणजे या टर्मिनलवर लहान अक्षरंच नसणार, असं जुनं युनिक्स धरून चालायचं; जुन्या टेलिटाइपवर, म्हणजे कागदावर छापणाऱ्या टर्मिनलवर, ती खरंच नसायची. ते ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं, या यंत्राच्या वागण्याला कारण असतं आणि ते मला समजू शकतं.

प्राथमिक शाळा मराठीतून केलेल्या आम्हा वाळपई-डिचोलीच्या मुलांना हे फार मोठं होतं. इंग्रजी व्याख्यानात मान डोलवायची आणि शंका तुमच्याकडे आणायची. तुम्ही कोकणी-मराठी मिसळून सांगायचात, वर ‘बाय, परत विचार’ म्हणायचात. उठताना लॉगआउट केल्याशिवाय सोडायचा नाहीत. टर्मिनल उघडं टाकलं, तर मागून बसणारा तुमच्या नावाने वावरतो.

आज पणजीत बसून मी दूरचे सर्व्हर सांभाळते. दूरच्या संगणकावर लॉगिन करायच्या जुन्या टेलनेटमध्ये पासवर्ड वाटेत उघडाच जायचा, म्हणून १९९५ मध्ये फिनलंडच्या टाटू इलोनेन यांनी एसएसएच हा सगळं सांकेतिक करून पाठवणारा प्रोग्रॅम लिहिला. तो आधी सर्व्हरचीच ओळख पटवून घेतो. तुम्हाला हे नक्की आवडेल. कामावर नवीन आलेली मुलं कमांड पाठ करू लागली की मी विचारते, आधी सांग, तू आत आलास कसा?

देव बरें करूं, भाई. चवथीला घरी असाल तर भेटायला येईन.

तुमची विद्यार्थिनी