दोन खड्ड्यांचे शौचालय गावाच्या हाती

महोदय,

शौचालयासाठी १२,००० रुपयांचे प्रोत्साहनपर अनुदान मिळाले की अनेक कुटुंबे पदरचे पैसे घालून मोठी सेप्टिक टाकी बांधतात. पुढे ती भरली की मैला उपसणाऱ्या गाडीची वाट पाहणे नशिबी येते, आणि हे पाहून मनापासून वाईट वाटते. त्याऐवजी सुमारे मीटरभर खोलीचे, जाळीदार वीटकामाचे दोन शोषखड्डे गावातला गवंडी सहज बांधू शकतो. एक खड्डा भरला की मधल्या चेंबरमधून वाट बदलून दुसरा सुरू करायचा. बंद केलेल्या खड्ड्यातील मैल्याचे दीड-दोन वर्षांत कोरडे, वास नसलेले खत होते आणि ते घरच्या माणसाला फावड्याने काढता येते. तीव्र उताराचे भांडे असल्यास दीड-दोन लिटर पाणी पुरते, ही बाब टंचाईच्या गावांत फार मोलाची आहे. कोकणातील गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून सोप्या संडासाचा आणि सोनखताचा (मैल्यापासूनच्या खताचा) प्रसार केला, तो भंगीमुक्तीच्या, म्हणजे कुणालाही हाताने मैला उपसावा लागू नये या तळमळीतून. ते काम आपण विसरलो, ही माझी खंत आहे.

भूजल उथळ असेल तेथे किंवा विहिरीलगत मात्र हे खड्डे घेऊ नयेत. जागा जाणकाराकडून तपासून घ्यावी. ग्रामपंचायतींनी गवंड्यांना प्रशिक्षण द्यावे आणि अनुदानाचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी दोन्ही खड्डे उघडून पाहावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक ग्रामस्थ, सिंधुदुर्ग