आधी थांबायची जागा मोजा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रिमोटवर चालणाऱ्या गाड्या ताशी शंभर-दीडशे किलोमीटरने पळवण्याचा छंद आता बराच पसरला आहे. मोटर कोणती, बॅटरी किती सेलची, गिअर कोणते यावर भरपूर बोलले जाते. गाडी पळवायची कुठे, हे मात्र बहुतेक जण अगदी शेवटी ठरवतात. समोर सरळ रस्ता दिसला की गाडी खाली ठेवली जाते. गाड्या फुटतात आणि माणसांना लागते त्याचे मूळ आमच्या मते इथेच आहे.

जागा पाहताना मोजणी शेवटाकडून सुरू करावी. गाडी किती मीटरमध्ये वेग घेईल हे नंतर. ती किती मीटरमध्ये थांबेल हे आधी. हिशेब सोपा आहे. ताशी किलोमीटरला 3.6 ने भागून वेग मीटर प्रति सेकंदात आणा, त्याचा वर्ग करा आणि 8 ने भागा. येणारा आकडा म्हणजे चाके लॉक न होता, बेताच्या ब्रेकने थांबायला लागणारे मीटर. 100 च्या वेगाला हे अंतर सुमारे 96 मीटर येते, 160 ला 247 आणि 200 ला 386. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होते, आणि नवखा माणूस इथेच फसतो. वेग घ्यायलाही साधारण तेवढीच जागा धरावी, मध्ये आकडा नोंदवायला 40 मीटर, आणि चुकीसाठी थोडी शिल्लक. म्हणजे 100 साठी 300 मीटर आणि 160 साठी 600 मीटर मोकळा पट्टा हवा. जोरात ब्रेक मारून अंतर वाचवू म्हणाल तर मागची चाके लॉक होतात आणि गाडी गर्रकन फिरते. 2014 मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात बॅटरीवरच्या मॉडेल गाडीने ताशी 325.12 किलोमीटरचा विक्रम केला. त्या वेगाला हाच हिशेब एक किलोमीटरहून जास्त अंतर सांगतो, तेही फक्त थांबण्यासाठी.

हे खेळणे आहे असे म्हणणाऱ्यांनी एवढेच पाहावे: 160 ने जाणारी 3 किलोची गाडी ज्या जोराने आदळते, तो जोर तीच गाडी 100 मीटर उंचीवरून खाली टाकल्यावर येणाऱ्या जोराएवढा असतो. म्हणून रहदारीचा रस्ता, पहाटे रिकामा असला तरी, आमच्या यादीत येतच नाही.

आता पृष्ठभाग, कारण लांबी असूनही जागा बाद होते ती बहुधा यामुळे. मोठ्या मोटारीला न जाणवणारा 1 सेंटीमीटरचा उंचवटा 1/8 स्केलच्या, म्हणजे खऱ्या मोटारीच्या आठव्या हिश्श्याएवढ्या गाडीला 8 सेंटीमीटरचा होतो. या गाड्यांचे नाक जमिनीपासून काही मिलिमीटरच वर असते. उंचवट्यावर नाक किंचित उचलले की हवा खाली शिरते, आणि वेग असेल तर पुढचे काम हवाच करते. गाडी मागे उलटून उडते. चालक त्या वेळी काहीही करू शकत नाही. जुने, घट्ट बसलेले, बारीक खडीचे डांबर सर्वांत चांगले. नव्या डांबरावर सुटी खडी आणि तेलकटपणा असतो. काँक्रीटची पकड चांगली, पण स्लॅबच्या सांध्यांवर गाडी ठरावीक अंतराने उसळत राहते. गटाराची झाकणे, रस्त्यावरचे चमकते खुंटे आणि पांढरे पट्टे धावेच्या रेषेत नकोत. पट्ट्याच्या रंगावर पकड एकदम कमी होते, आणि एक चाक रंगावर व दुसरे डांबरावर असताना पूर्ण थ्रॉटल, म्हणजे मोटरला पूर्ण जोर दिला तर गाडी तिरकी झालीच म्हणून समजा.

तपासणी उभ्याने करू नये. ऊन तिरपे असताना, नाहीतर टॉर्च जमिनीलगत धरून, खाली वाकून पाहिले की सावल्यांमुळे उंचवटे उठून दिसतात. संशय येईल तिथे 1 मीटरची सरळ पट्टी आडवी-उभी ठेवा. खाली 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर रेषा बदला. मग 3 मीटर रुंदीचा पट्टा शेवटपर्यंत झाडून घ्या, थांबायचा भागही. हे सगळेच टाळतात. ब्रेक लागताना चाकाखाली वाळू आली की आधीची सगळी मेहनत वाया जाते. त्यानंतर निम्म्या वेगाने एक धाव काढून फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा. चाके जमीन सोडताना दिसली तर पूर्ण वेग त्या जागेवर नाही.

रस्त्याचा आडवा उतारही पाहावा. पाणी वाहून जावे म्हणून रस्ते मधोमध फुगीर असतात. अशा रस्त्याच्या एका बाजूने गाडी नेली तर ती सतत कडेला ओढली जाते. चालक ट्रिम, म्हणजे रिमोटवरची स्टिअरिंगची बारीक जुळवणी, फिरवून ती सरळ करतो, आणि सपाट भाग आला की तीच ट्रिम तिला दुसरीकडे नेते. जमिनीवर काचेची गोटी ठेवून पाहा, उतार लगेच कळतो.

रुंदी किमान 6 मीटर, आणि त्यापलीकडे दोन्ही बाजूंना मोकळे गवत किंवा माती. दिशा फक्त एका अंशाने चुकली तर 100 मीटरमध्ये गाडी पावणेदोन मीटर बाजूला जाते, आणि 160 च्या वेगाला 100 मीटर सव्वादोन सेकंदांत संपतात. कडेला फरसबंदीचा उंच काठ, दिव्याचा खांब किंवा उभी वाहने असतील तर जागा सोडून द्यावी. मोठ्या पार्किंगच्या जागा याच कारणाने फसव्या असतात: कर्णाची लांबी पुरते, पण मध्ये खांब निघतात. 400 मीटरच्या धावण्याच्या ट्रॅकची सरळ बाजू 84.39 मीटरच असते. तिथे जाऊच नये.

चालकाने उभे कुठे राहायचे, तेही जागा पाहतानाच ठरते. 30 सेंटीमीटर रुंदीची गाडी 200 मीटरवर पौर्णिमेच्या चंद्राच्या सहाव्या हिश्श्याएवढी दिसते. म्हणून नाक आणि शेपूट दोन वेगळ्या भडक रंगांत हवे. मधोमध उभे राहिले तर गाडी जवळून दिसते, पण समोरून येणारी गाडी दूर जाऊ लागताना स्टिअरिंगची डावी-उजवी बाजू बदलते, आणि ते नेमके सर्वाधिक वेगाच्या क्षणी घडते. सुरुवातीपासून पाव अंतरावर, पट्ट्यापासून 8 ते 10 मीटर दूर उभे राहणे बरे. पट्ट्याच्या शेवटी, रेषेच्या पुढे कोणीही थांबू नये, चित्रण करणाराही नाही.

वारा मागून किंवा पुढून असेल तर आकडा बदलतो. आडवा असेल तर गाडी जाते. दोन्ही दिशांनी धाव काढून सरासरी घेतली की उतार आणि वाऱ्याचा फायदा बराचसा निघून जातो. वेग जीपीएसवर मोजणार असाल तर वर आकाश मोकळे हवे. झाडांच्या बोगद्यातल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. गाडी हातात धरून पट्ट्याच्या टोकापर्यंत चालत जा आणि तिथून रेडिओची रेंज तपासा. मग गाडी स्टँडवर ठेवून, चाके फिरत असताना ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, बंद करा. फेलसेफने, म्हणजे सिग्नल तुटल्यावर आपोआप चालणाऱ्या सोयीने, मोटर थांबून हलका ब्रेक लागला पाहिजे. नाही लागला तर त्या दिवशी धाव नाही.

बंद पडलेल्या धावपट्ट्या, वापरात नसलेले खासगी रस्ते, ड्रॅग शर्यतींचे पट्टे या खऱ्या योग्य जागा. त्या ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांना आमची कळकळीची विनंती आहे की लेखी अटी घाला, दोन्ही टोकांना माणसे उभी करायला लावा, पण सकाळचे दोन तास द्या. परवानगी मिळाली नाही की मुले रस्त्यावर जातात, हे आम्हाला रोज दिसते.

आणि हाताशी 300 मीटरच असतील तर गाडी त्या जागेला बेतून घ्यावी. लहान पिनियन (मोटरच्या दांड्यावरचे दातेरी चाक) लावून तिचा कमाल वेग 100 वर आणावा. फक्त ट्रान्समीटरवरची थ्रॉटलची मर्यादा कमी करून भागवू नये. ट्रान्समीटरवर चुकून दुसऱ्या गाडीची साठवलेली सेटिंग निवडली गेली की ती मर्यादा नाहीशी होते, पिनियन मात्र जागेवर राहतो.

आपले,
स्पीड रन करणारे काही वाचक